जमीन फुकटच मिळाली ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर इथे कॅनडात, आमच्या अल्बर्टा प्रांतात येणारा प्रत्येक जण विचारतो. मागच्या उन्हाळ्यात माझ्या सख्ख्या भावाने गाडीतून उतरायच्या आत विचारलं, "ताई, तुझ्या सासरच्यांना ही सगळी जमीन फुकटच मिळाली ना?" जिथे दोन गुंठ्यांवरून भाऊ भावाच्या दारात पाय ठेवत नाही, तिथल्या माणसाला 160 एकर म्हटलं की पुढचं ऐकूच येत नाही.

फुकट नव्हती. दहा डॉलर भरून नोंद करायची, झाडी तोडायची, नांगरट करायची, घर उभारायचं आणि तीन वर्षांनी सरकारला ते दाखवायचं. मग जमीन नावावर. पहिला हिवाळा बहुतेकांनी जमिनीत खणलेल्या खोपटात काढला. हे मी आता घडाघडा म्हणते. पण 2009पर्यंत मीही तुमचंच म्हणणं म्हणत होते.

त्या वर्षी 6 जानेवारीला, जुन्या पंचांगाच्या नाताळच्या आदल्या रात्री, आम्ही अँड्र्यू या गावी आजेसासूबाईंकडे होतो. सासर मूळचं युक्रेनी, आणि युक्रेनीत आजीला 'बाबा' म्हणतात. मला ते म्हणताना अजून हसू येतं. टेबलक्लॉथखाली वाळलेलं गवत, बारा बिनमांसाचे पदार्थ, आधी गहू-मध-खसखशीची कुत्या. गप्पांच्या भरात मी म्हणाले, "तुमचं बरं होतं, जमीन फुकट मिळाली!"

"फुकट?" एवढंच म्हणून बाबा उठल्या आणि वॉकर ढकलत आतून बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. त्यात चौघडी घातलेला एक कागद होता. त्यांचे वडील बुकोविनाचे (आता तो भाग युक्रेन आणि रुमानियात आहे), म्हणजे तेव्हा कागदोपत्री ऑस्ट्रियाची प्रजा. 1914 साली युद्ध लागलं आणि ज्या कॅनडाने त्यांना बोलावून घेतलं होतं, त्यानेच शत्रू म्हणून त्यांची नोंद केली. अशी सुमारे 80,000 माणसं, बहुतेक युक्रेनीच. 8,579 जणांना छावण्यांत डांबलं; त्यातल्या काहींकडून बॅन्फच्या डोंगरात रस्ते करून घेतले. बाबांच्या वडिलांवर छावणीची वेळ आली नाही. फक्त हा कागद सतत खिशात ठेवायचा आणि ठरल्या दिवशी पोलिसांत हजेरी द्यायची, पेरणी असो की मळणी.

कागद सगळ्यांच्या हातून फिरला. परत घडी घालताना मी ती उलट्या बाजूने घातली आणि मधली रेघ बोटभर फाटली. कुणी काही बोललं नाही. बाबांनी माझ्या हातातून तो घेतला, जुन्याच घडीवर मिटला आणि माझ्या ताटात आणखी एक पिरोही, म्हणजे सारण भरून उकडलेली करंजी, वाढली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून मी तुमच्यावर खेकसते. पण त्यांच्याही आधी ही जमीन कुणाची होती? गाव युक्रेनी, आणि नाव अँड्र्यू व्हिटफर्डचं, एका मेटी, म्हणजे मूळनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या माणसाचं. इथल्या मूळनिवासी क्री लोकांशी सरकारचा जमिनीचा करार झाला तो 1876मध्ये. हे मी बाबांना कधी विचारलं नाही. धीर झाला नाही म्हणा, किंवा सोयीचं नव्हतं म्हणा. आणि दहा डॉलर म्हणजे फुकटच की, असं माझ्याही मनात अजून येतं.

ते 160 एकर आता आम्ही कसायला दिलेत. भाड्याचा चेक येतो, तो मीच बँकेत भरते.