पोटाचा फोटो पाठवता का? ऑनलाइन लिलावातून मॉडेल ट्रेन घेतानाचा माझा अनुभव

सुरुवातीलाच सांगतो, पहिल्या तीन वेळेला मला कोणी सरळ खोटं बोलून फसवलेलं नाही. फसलो मी तीनदा, पण नंतर डोकं शांत झाल्यावर लिस्टिंग परत वाचली तर त्यात खोटं म्हणावं असं एक वाक्य सापडेना. जे लिहिलं होतं ते खरंच होतं, फक्त जे महत्त्वाचं होतं ते लिहिलंच नव्हतं आणि ती गाळलेली जागा मी उत्साहाच्या भरात स्वतःच भरून घेतली होती.

पहिलं प्रकरण इंजिनाचं. माझा ट्रॅक साधा दोन रुळांचा, एचओ, म्हणजे १:८७ स्केल आणि दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिमी, कंट्रोलर १२ व्होल्ट डीसी. लिलावात एक काळं, बुटकं टँक इंजिन दिसलं, मेर्कलिन कंपनीचं, टायटल होतं "एचओ स्टीम लोको, व्हिंटेज, रेअर, अनटेस्टेड". तीन फोटो, तिन्ही बाजूने काढलेले, मस्त उजेडात. म्हणलं इंजिन एचओ, आपला ट्रॅक एचओ, अजून काय बघायचं. शेवटच्या दहा मिनिटांत दोघांशी चढाओढ करून, ठरवलेल्या रकमेच्या दीडपट बोली लावून ते घेतलं आणि जिंकल्यावर घरभर सांगत सुटलो, हे आता लिहायलाही लाज वाटते.

पार्सल आलं, इंजिन रुळावर ठेवलं, नॉब फिरवला आणि कंट्रोलरचा लाल दिवा लागला. शॉर्ट. उचललं, चाकं पुसली, परत ठेवलं, परत शॉर्ट. मग उलटं करून बघितलं तर पोटाखाली, चाकांच्या मधोमध, एक लांब धातूची पट्टी, टोकांना वर वळलेली, बोटाने दाबली की स्प्रिंगसारखी आत जाणारी. ती बघून माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पण पैसे गेल्यावर पडला. मेर्कलिनचं एचओ म्हणजे तीन रुळांची पद्धत. तो तिसरा रूळ सलग दिसत नाही, स्लीपरमधून खिळ्याच्या डोक्यासारखे बारीक ठिपके वर आलेले असतात, त्यावरून ही पट्टी घासत जाते आणि करंट घेते. बाजूचे दोन्ही रूळ एकाच पोलचे, त्यामुळे डावं चाक उजव्या चाकापासून इन्सुलेट करायची त्यांना गरजच नाही. माझ्याकडे डावा रूळ एक पोल, उजवा दुसरा, आणि हे बाबा मधे उभे राहून दोन्ही जोडून टाकत होते. वर त्यांची जुनी इंजिनं १६ व्होल्ट एसीवर चालायची आणि दिशा बदलायला २४ व्होल्टचा झटका द्यावा लागायचा. स्केल एचओ लिहिलं होतं, ते अगदी बरोबर. मी वाद घालणार तरी कशावर?

बरं 'मेर्कलिन म्हणजे तीन रूळ' असा सरसकट नियमही करता येत नाही, कारण त्यांनीच 'हामो' नावाने दोन रुळांच्या डीसीसाठी इंजिनं काढली होती. आणि खोका हामोचा, आत तीन रुळांचं इंजिन अशीही एक लिस्टिंग मी नंतर बघितली. त्यामुळे खोका, टायटल, कंपनी काही बघत बसू नका, इंजिनाचं पोट बघा. तेव्हापासून माझा पहिला मेसेज ठरलेला असतो, "उलटं करून पोटाचा एक फोटो पाठवता का?" लोकांना विचित्र वाटत असेल, वाटू दे.

दुसरं प्रकरण डिझेलचं, आणि हे जास्त लागलं कारण आता आपण शहाणे झालो असं मला वाटत होतं. पोटाचा फोटो मागवला, पट्टी नाही, दोन रुळांचंच आहे, छान. घेतलं. रुळावर ठेवलं तर काहीच नाही. शॉर्टही नाही, आवाज नाही, वास नाही, काही नाही. वायर सुटली असेल म्हणून लगेच स्क्रू काढून वरचं कव्हर उघडलं, आणि आत मोटरच नाही. मोटरची जागा रिकामी आणि वजनासाठी एक पत्र्याचा तुकडा. त्याचं काय आहे, खऱ्या रेल्वेत दोन-तीन डिझेल एकाला एक जोडून गाडी ओढतात, तर मॉडेल कंपन्या त्या जोडीसाठी मोटर नसलेलं इंजिनही विकायच्या, त्याला डमी म्हणतात. बाहेरून जुळं भावंड, तोच रंग, कधीकधी तोच नंबर. लिस्टिंगमध्ये 'डमी' शब्द नव्हता, पण 'चालतं' हा शब्दही नव्हता ना!

मी तक्रार टाकली, वर्णनाप्रमाणे वस्तू नाही म्हणून. सेलरचं उत्तर आलं, "तुम्ही कव्हर उघडलंय, मोटर तुम्हीच काढली नसेल कशावरून?" आता यावर काय बोलणार. माझ्याकडे फोटो होते ते सगळे उघडल्यानंतरचे. तक्रार बंद, पैसे गेले. तो सेलर चोर होता का अज्ञानी होता मला आजही माहीत नाही, कोणाच्या तरी माळ्यावरचा जुना खोका विकणाऱ्या माणसाला डमी म्हणजे काय हे खरंच माहीत नसू शकतं. पण त्या दिवसापासून दोन सवयी लागल्या. एक, पार्सल कापण्याआधी मोबाईल स्टँडवर लावून रेकॉर्डिंग चालू, आणि लेबलपासून इंजिन हातात येईपर्यंत एकच सलग व्हिडिओ, आणि तक्रारीचा निकाल लागेपर्यंत स्क्रू ड्रायव्हरला हात लावायचा नाही. दोन, वजन विचारायचं. घरातल्या काट्यावर ठेवून फोटो काढा म्हणायचं. मोटर, गिअर आणि वजनाचा धातूचा ठोकळा असलेलं इंजिन आणि पोकळ डमी यात फरक लगेच कळतो, आणि त्याच मॉडेलचं वजन कुठल्या तरी संग्राहकाने लिहून ठेवलेलं बहुतेक वेळा सापडतं.

तिसऱ्या वेळी डबे. याला फसवणूक म्हणावं का हाच प्रश्न आहे. माझ्याकडे जर्मन एक्सप्रेसचे तीन डबे होते, एकेक ३०३ मिमी लांब, कारण खरा डबा २६.४ मीटर आणि भागिले ८७. चौथा त्याच रंगाचा, त्याच प्रकारचा लिलावात मिळाला, एचओ लिहिलेलं, स्वस्तात. आला तो २६४ मिमी. रांगेत लावला तर मोठ्या भावांच्या मागे शाळकरी पोरगं उभं राहावं तसा दिसतो. झालं होतं असं की छोट्या वळणांवर लांब डबे अडकतात म्हणून कंपन्या मुद्दाम आखूड डबे काढायच्या, उंची-रुंदी १:८७ आणि लांबी मात्र १:१०० ने, म्हणजे बरोबर २६४. काही १:९३.५ ने, ते २८२ मिमी भरतात. खोक्यावर सगळ्यांच्या एचओच छापलेलं. फोटोत डबा एकटाच असतो, शेजारी पट्टी नसते, मग कळणार कसं? आता मी बफरपासून बफरपर्यंत (बफर म्हणजे डब्याच्या दोन्ही टोकांचे धक्के झेलणारे दट्टे) मिलिमीटरमध्ये लांबी विचारतो. याच एका प्रश्नात 'एचओ/ओओ' असं दोन्ही लिहिणारेही सापडतात, कारण ओओ म्हणजे १:७६, रूळ तोच १६.५ मिमीचा असल्यामुळे चालतं सगळं व्यवस्थित पण दिसायला जवळजवळ सातवा हिस्सा मोठं. सर्चमध्ये दोन्हीकडे दिसावं म्हणून टायटलमध्ये दोन्ही ठोकून देतात.

आता चौथी वेळ, जिथे पैसे परत मिळाले. शेल्फवर ठेवायला एक जुनं डायकास्ट, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूचं, इंजिन हवं होतं. जुन्या जस्ताच्या मिश्रधातूला एक रोग असतो, झिंक पेस्ट म्हणतात (इथे पेस्ट म्हणजे रोग, मलम नव्हे), धातूत शिसं वगैरेची भेसळ राहिली असेल तर तो आतून तडकायला लागतो, फुगतो, वाकतो, दमट हवेत अजून लवकर, आणि यावर औषध नाही. एकदा सुरू झालं की हळूहळू हातात भुगा. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या मॉडेल्समध्ये हे भरपूर बघायला मिळतं. या इंजिनाच्या फोटोत बाजूची पायरीची कड जरा केळ्यासारखी वाकलेली वाटत होती, पण कॅमेऱ्याच्या लेन्सनेही तसं दिसतं. म्हणून मी विचारलं, "फ्रेमला कुठे तडे आहेत का, आणि सपाट काचेवर ठेवल्यावर सगळी चाकं टेकतात का?" त्याने लिहिलं, "तडे नाहीत, एकदम सरळ आहे." हे सगळं साइटच्याच मेसेजमध्ये. इंजिन आलं, काचेवर ठेवलं, मधलं चाक अधांतरी, आणि भिंगातून बघितलं तर फ्रेमवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा. व्हिडिओ होता, मेसेज होता, इंजिनाला मी काही केलेलं नव्हतं. पाच दिवसांत पूर्ण पैसे परत.

तेव्हा मला या प्रश्न विचारण्याचा खरा उपयोग कळला. न लिहिलेल्या गोष्टीवर भांडता येत नाही, पण विचारल्यावर समोरच्याला एकतर खरं सांगावं लागतं नाहीतर खोटं लिहून द्यावं लागतं, आणि दोन्ही आपल्या कामाचं. जो उत्तरच देत नाही त्याचं काय, तर ते पण उत्तरच आहे, पुढची लिस्टिंग बघायची. आणि हो, मेसेज साइटवरच ठेवा. "बाहेर बोलू, बाहेर पैसे द्या, स्वस्त देतो" म्हणणाऱ्याला मी लगेच ब्लॉक करतो.

'अनटेस्टेड' या शब्दावर माझा विशेष राग. "आमच्याकडे ट्रॅक नाही म्हणून तपासलं नाही." अहो, दोन रुळांचं डीसी इंजिन तपासायला ट्रॅक लागतोच कुठे, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि दोन वायरी घ्या, एक डाव्या चाकाला लावा, एक उजव्या, फिरलं तर फिरलं. (काही स्टीम इंजिनांत एका बाजूचा करंट इंजिनाच्या चाकांतून आणि दुसऱ्या बाजूचा मागच्या टेंडरमधून, म्हणजे कोळसा-पाण्याच्या जोडडब्यातून येतो, तेवढं लक्षात ठेवावं लागतं.) मी सेलरला हे लिहून पाठवतो. अर्ध्या लोकांनी करून व्हिडिओ पाठवला, छान माणसं. एकाने व्हिडिओ पाठवला तो गाण्यासकट! गाणं काढून पाठवा म्हणलं तर दुसऱ्या व्हिडिओत टक, टक, टक असा प्रत्येक फेऱ्याला आवाज. ॲक्सलवरचा प्लास्टिकचा गिअर चिरला की तो फटीतला दात वाकडा बसतो आणि असाच आवाज येतो. गाणं उगीच नव्हतं लावलेलं.

'रेअर'चं सोपं आहे. विकल्या गेलेल्या वस्तूंचा फिल्टर लावायचा. माझं ते 'रेअर' टँक इंजिन तीन महिन्यांत अकरा वेळा विकलं गेलेलं होतं, हे मी ते घेतल्यावर बघितलं. 'डीसीसी रेडी' (डीसीसी म्हणजे डिजिटल कंट्रोल) म्हणजे आत डिकोडर, म्हणजे कंट्रोलरचे सिग्नल समजणारी चिप, आहे असं नाही, फक्त तो बसवायचं सॉकेट आहे, डिकोडर आपण वेगळा घ्यायचा. 'ओरिजिनल बॉक्स' म्हणजे ओरिजिनल कुठला बॉक्स हे विचारायचं, कारण जुन्या खोक्यांच्याही नकला निघतात, आणि नुसता रिकामा खोका विकणाऱ्या लिस्टिंगपण असतात, खोक्यावर इंजिनाचं चित्र मोठं आणि 'रिकामा' शब्द खाली सातव्या ओळीत. महागड्या वस्तूंमध्ये तर रंगही तपासावा लागतो, लायोनेल या अमेरिकन कंपनीने १९५७ मध्ये मुलींसाठी म्हणून गुलाबी इंजिनाचा सेट काढला होता, तो तेव्हा फारसा खपला नाही म्हणून आज त्याला भाव आहे, आणि म्हणूनच साधी इंजिनं गुलाबी रंगवून विकणारेही झाले. तो माझ्या खिशातला विषय नाही, सोडून देतो.

बोलीचं मात्र सांगतो. आता मी जास्तीत जास्त रक्कम आधी कागदावर लिहितो, शेवटच्या काही सेकंदांत एकदाच टाकतो आणि लॅपटॉप बंद करतो. लवकर बोली लावली की भाव चढवणारे मागे लागतात, आणि त्यात कधीकधी सेलरचेच कोणीतरी असतात, बोलीचा इतिहास उघडला तर नवं खातं, बहुतेक सगळ्या बोली याच एका सेलरकडे आणि जिंकलेलं जवळपास काही नाही, असा गडी दिसला की मी निघतो.

डमी डिझेल आता चालत्या डिझेलच्या मागे जोडलेलं असतं, ज्यासाठी ते बनलं होतं तेच काम करतं, दिसतं भारी. आखूड डबा कपाटात. आणि ते तीन रुळांचं टँक इंजिन मागच्या महिन्यात मी स्वतः लिलावाला टाकलं. लिस्टिंग लिहायला बसलो आणि पहिला शब्द काय सुचला असेल तर 'अनटेस्टेड', कारण माझ्याकडे तीन रुळांचा ट्रॅक नाही! स्वतःवरच हसलो. मग दोन वायरी काढल्या, एक पोटाखालच्या पट्टीला, एक चाकाला, त्या जुन्या मोटरी डीसीवरही फिरतात. जरा कुरकुरलं, तेलाचा जळका वास आला आणि चाकं फिरायला लागली. पहिला फोटो पोटाचा टाकला, मग व्हिडिओ, गाण्याशिवाय, आणि लिहिलं की तीन रुळांसाठीच आहे, एकाच दिशेने फिरवून बघितलंय, दिशा बदलणारा रिले तपासता आलेला नाही. दुसऱ्याच दिवशी एकाचा मेसेज, "मधल्या चाकाच्या आतल्या बाजूचा जवळून फोटो मिळेल का, आणि वजन किती?"

लगेच काटा काढला.