जवारीचा दोरा

काल संध्याकाळपासून मनाला स्वस्थता नाही. कारण इतके लहान आहे की रात्री जेवताना चिरंजीवांनी विचारले तेव्हा ‘काही नाही, पाय जरा दुखतात’ एवढेच सांगून मी पानावरून उठलो. आज सकाळी मुलुंड स्थानकापर्यंत फिरून आलो, वर्तमानपत्र दोनदा वाचले, तरी तेच मनात घोळत राहिले, म्हणून लिहायला बसलो आहे.

धाकट्या नातीचा नववीचा ध्वनीचा धडा सुरू आहे. माणसाला २० ते २०,००० हर्ट्झ या टप्प्यातला ध्वनी ऐकू येतो, हे तिने मला वाचून दाखवले आणि लगेच मोबाइलवर सूर काढणारे एक अ‍ॅप उघडून घरातल्या सर्वांचे कान तपासायला घेतले. आकडा १४,००० वर असताना तिने स्वतःचे कान झाकून घेतले, सूनबाई स्वयंपाकघरातून ‘बंद कर गं ते, डोक्यात जातंय’ म्हणाली, आणि मी मात्र आता सुरू करील, मग सुरू करील या अपेक्षेने तिच्या तोंडाकडे पाहत बसलो होतो. ‘आबा, चालू आहे,’ ती म्हणाली. मग ती आकडा हळूहळू खाली आणत गेली. १२,००० ला काही नाही, १०,००० लाही काही नाही. ८,००० च्या जरा वर कुठेतरी बारीकशी रेघ उमटल्यासारखी वाटली आणि मी बोट वर केले. तिने वहीत माझ्या नावापुढे तो आकडा लिहिला आणि वही मिटली. एरवी ती बोलल्यावाचून राहत नाही. काल ती काही बोलली नाही, आणि ते न बोलणेच मला फार लागले.

हे मोजमाप शास्त्रशुद्ध नव्हते, हे मला कळते. मोबाइलचा स्पीकर प्रत्येक कंप्रतेला सारखाच जोर देत नाही, खोलीत पंखा चालू होता, खिडकीखालून रिक्षा जात होत्या. परंतु माझ्यापासून हातभर अंतरावर असलेला सूर स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या सूनबाईला त्रास देण्याइतका ऐकू आला आणि मला आला नाही, यापुढे उपकरणाचे दोष काढत बसण्यात अर्थ नाही.

मिरजेच्या शाळेत हा धडा मी वर्षानुवर्षे शिकवला. फळ्यावर कर्णावर्ताचा, म्हणजे आतल्या कानातल्या गुंडाळलेल्या नळीचा, शंख काढून मी सांगत असे की त्याच्या तोंडाशी असलेल्या केसपेशी उंच स्वर टिपतात, आतल्या टोकाच्या खर्जातले टिपतात. तोंडाशी असलेल्या आधी झिजतात, आणि माणसाच्या कानात त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. अभ्यासक्रमाच्या मानाने हे जास्त होते, पण शिकवल्याशिवाय मला राहवत नसे. मुले ते वहीत उतरवून घेत, मी पुढच्या मुद्द्याकडे वळत असे, आणि संध्याकाळी माझ्या गाण्याच्या गुरूंकडे, बुवांकडे, जाऊन तंबोरा मांडीवर घेत असे. सकाळी फळ्यावर काढलेला कान आणि संध्याकाळी तंबोऱ्याला लावलेला कान हे एकच आहेत, याची जाणीव मला होती. परंतु ती जाणीव आणि कालची बारीक रेघ यांत केवढे अंतर आहे!

१४,००० हर्ट्झवर कोणी गात नाही, त्यामुळे तो आकडा गेल्याचे दुःख नाही. मला छळतो आहे तो तंबोरा. माझी गाण्याची पट्टी हार्मोनियमच्या काळी एकची, म्हणजे खर्जाची, सर्वांत खालच्या सुराची, तार सुमारे ६९ हर्ट्झची. तारेच्या मूळ सुराबरोबर त्याच्या पटींतले जे बारीक सूर निघतात ते उपस्वर; तिचा पाचवा उपस्वर ३४६ च्या आसपास येतो आणि तोच आपला स्वयंभू, कोणी न छेडता उमटणारा, गंधार. माझ्या कानाच्या मर्यादेच्या तो कितीतरी खाली आहे, तेव्हा गंधार मला सोडून गेलेला नाही, हे मी काल रात्री अंथरुणात पडल्या पडल्या स्वतःला सांगून पाहिले. पण जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीला तारेचा होणारा बारीक स्पर्श, नेमकी बसल्यावर नादावर जी झळाळी चढते, ती तर हजारो हर्ट्झपर्यंत पसरत गेलेल्या उपस्वरांची असते. त्यातली किती मला आज ऐकू येते? आणि जी येत नाही ती येत नाही हे मला कसे कळावे? कान कमी होत असताना तंबोरा कधी अर्धा वाजत नाही. तो पूर्णच वाटतो. गेल्या काही वर्षांत मुंबईच्या दमट हवेला मी दोष देत आलो आहे. इथे तारा लवकर गंजतात, हे खरेच आहे. मिरजेत एक संच जेवढा टिकत असे तेवढा इथे टिकत नाही. परंतु जो नाद मला मंद झाल्यासारखा वाटत होता, त्यातला तारांचा वाटा किती आणि माझा किती?

तिकडचे घर ठेवायला हवे होते का, हा विषय आता नको.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली कोलकात्याहून आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा निस्पंद, म्हणजे न हलणारा बिंदू, येतो ते उपस्वर निघता कामा नयेत, असा जुना नियम आहे. तंबोऱ्यात आणि वीणेत मात्र ते खणखणीत निघतात, हे त्यांनी दाखवले. घोडीचा माथा रुंद आणि किंचित वक्र असतो, तार कंप पावताना त्याला पुन्हा पुन्हा चाटून जाते, आणि तंबोऱ्यात तर हा स्पर्श तारेखालच्या एका सुती दोऱ्याने केसभर पुढेमागे करून साधता येतो. नियमाने जे मिळायला नको ते एक दोरा मिळवून देतो, हे मी वर्गात दरवर्षी तंबोरा नेऊन ऐकवत असे आणि दरवर्षी मलाच नवे वाटत असे. फरीदसाहेब सतारमेकरांच्या परंपरेतल्या वाद्यकारागिरांच्या मिरजेत, जिथे २०२४ साली सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तिथे हे शिकवण्यासाठी वेगळी प्रयोगशाळा लागत नव्हती.

दुपारी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचे जुने ध्वनिमुद्रण लावले आणि ऐकता ऐकता एक गोष्ट ध्यानात आली. १९३० च्या दशकातल्या तबकड्यांवर ५-६ हजार हर्ट्झच्या वरचे जेमतेमच उतरत असे. म्हणजे ज्या आवाजाने मला लहानपणी वेडे केले, ज्यासाठी उरुसात मिरजेच्या दर्ग्याच्या आवारात रात्री जागवल्या, तो मी प्रथम ऐकला तेव्हाच त्याचा माथा कापलेला होता, आणि तरीही मला त्यात काही उणे वाटले नव्हते. आज ती तबकडी मला माझ्या नातीइतकीच पूर्ण ऐकू येते. हे हिशेबाने पटले. पटले तरी मन लगेच निवले नाही. माझ्यातल्या शिक्षकाने माझ्यातल्या गाणाऱ्याची समजूत काढावी आणि त्याने मान हलवून पुन्हा तेच विचारावे, असे दिवसभर चालले होते.

आणि मग बुवा आठवले. बुवांचे वय झाल्यावर तंबोरे मिळवून झाले की ते स्वस्थ बसत आणि म्हणत, ‘जवारी तू लाव रे.’ तारा ते स्वतः मिळवीत. षड्ज-पंचम इतके चोख, की आपण श्वाससुद्धा जपून घ्यावा. दोरा मात्र माझ्याकडे. मी तो सरकवीत जाई, ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत, आणि मी थांबलो की ‘हां’ म्हणत. मला तेव्हा तो माझा मान वाटे. इतर शिष्य असताना मला सांगतात, याचा अभिमानही वाटे. ते तंबोरा ऐकत नसत, माझा चेहरा पाहत असत, हे मला आज प्रथम उमगले. बुवांना ती झळाळी ऐकू येत नव्हती का? विचारायला आता ते नाहीत. मात्र त्या वर्षांतले त्यांचे गाणे मला तोंडपाठ आहे आणि त्यात कुठेही काही कमी झाल्याची खूण मला सापडत नाही. यमनातला त्यांचा गंधार अखेरपर्यंत तसाच लागत होता, हार्मोनियमच्या गंधारापेक्षा तसूभर खाली, जिथे तो तंबोऱ्यातून आपोआप येतो तिथेच.

हे लक्षात आल्यावर मन पुष्कळ हलके झाले आहे. वाईट वाटतेच, आणि वाटू द्यावे. कान तपासून घ्या असे सूनबाई म्हणते, तर तेही करून घेईन. निदान नीट आलेख तरी हाती येईल आणि धाकटीला तो धड्यासोबत समजावून सांगता येईल.

रविवारी तंबोऱ्याच्या जुन्या तारा उतरवून नव्या चढवायच्या आहेत. तारा मी मिळवीन आणि जवारीचा दोरा धाकटीला सरकवायला सांगेन. तिला १४,००० हर्ट्झचा सूर असह्य होतो, पण खर्जातला गंधार तिला अजून सापडलेला नाही. परवाच ‘कुठे आहे, आबा?’ असे वैतागून म्हणाली होती. तो कानांच्या ताकदीने सापडत नाही, रोज ऐकून सापडतो, आणि त्यासाठी तिला माझ्याजवळ बसावे लागेल. चिरंजीवांना उद्या कामावरून परतताना दादरला उतरून पोलादी तारांबरोबर खर्जाची पितळी तारही आणायला सांगितले पाहिजे. मागच्या वेळी ती राहिली होती.