टनेज पुरेसं होतं, वारा उलटा होता

जळगावातल्या एका पहिल्या मजल्यावरच्या हॉटेलचं हे एसीचं काम. मे महिना, बाहेर 44 अंश. हॉलमध्ये साडेआठ-साडेआठ टनांची (टन म्हणजे गार करायची क्षमता, वजन नव्हे) दोन डक्टेबल मशीनं, म्हणजे डक्टमधून गार हवा देणारे एसी, बसायची सोय 80 माणसांची, आणि दुपारच्या गर्दीत आत 30 अंश. शेठजींनी निर्णय घेऊनच बोलावलं होतं: "भाऊ, अजून एक साडेआठचं टाकून द्या. कोटेशन तेवढं पाठवा." आधीच्या मेकॅनिकनं गॅस वाढवून पाहिला होता. त्यानं गारवा आला नाहीच, उलट तीनच्या सुमारास एक मशीन हाय प्रेशरवर ट्रिप होऊ, म्हणजे गॅसचा दाब वाढून आपोआप बंद पडू लागलं.

रिटर्न ग्रिलला (हॉलची हवा मशीनमध्ये परत जाते तिथं) 30, सप्लायला (डिफ्युझरमधून गार हवा बाहेर पडते तिथं) 18. फरक 12 अंशांचा, म्हणजे मशीनं गार तर करत होती. हवा कमी पडत असली तरी फरक मोठा दिसतो, म्हणून फिल्टर, ब्लोअरचा पट्टा आणि डिफ्युझरवरचा वेग तपासला; सगळं ठीक. ट्रिप होणाऱ्या मशीनचं सबकूलिंग (गॅस द्रव झाल्यावर आणखी किती अंश गार होतो तो आकडा) मात्र 14 अंश निघालं. गॅस जास्त झाल्याची ही खूण. तो काढला, व्हॅक्यूम करून नेमप्लेटवर लिहिलंय तेवढाच वजन करून भरला. सबकूलिंग 6 वर आलं, ट्रिप थांबलं. हॉल जिथल्या तिथे, 30.

बघण्यासारखं होतं ते पिकअपच्या खिडकीवर. वेटर केओटीची (किचनला द्यायच्या ऑर्डरची) चिठ्ठी ठेवायचा आणि ती किचनच्या बाजूला उडून जायची, म्हणून तिथं चिठ्ठ्यांवर मिठाची बरणी ठेवत होते. मुख्य दार आत उघडणारं, तेही कधी पूर्ण मिटत नव्हतं. क्लोजर नवा बसवूनही चार-पाच इंचांची फट राहायचीच. वर एअर कर्टन (दारावर हवेचा पडदा धरणारा पंखा) गरगरत होता, पण बाहेरची हवा आत ओढली जात असेल तर एअर कर्टन तिला अडवू शकत नाही. उदबत्ती दाराशी धरली तर धूर आडवा होऊन सरळ आत. बाथरूमच्या छोट्या एक्झॉस्टपाशीही तोच प्रकार: पंखा चालू, धूर मात्र उलटा आत. हॉलमधल्या वासाची तक्रार तिथून होती. शेवभाजीचा ठसका हॉलमध्ये कधीच येत नव्हता, याचं शेठजींना कौतुक होतं. ते कौतुक खरं तर तक्रारीच्याच खात्यात मांडायला हवं होतं.

किचनच्या हूडचा (शेगड्यांवरचा धूर ओढणाऱ्या छत्रीचा) डक्ट दोन फूट बाय दोन फूट, वेग मिनिटाला 1500 फूट, म्हणजे 6000 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा बाहेर. पिकअपची खिडकी सहा चौरस फूट, तिथं वेग साडेसहाशे-सातशे फूट. म्हणजे 4000 सीएफएमच्या आसपास हवा हॉलमधून किचनमध्ये जात होती आणि तेवढीच रस्त्यावरची गरम हवा दारातून, फॉल्स सीलिंगच्या फटींतून हॉलमध्ये येत होती. आता हिशेब: 1.08 (हवेसाठीचा ठरलेला गुणक) गुणिले 4000 गुणिले 36 (44 ते 24 अंश, फॅरेनहाइटमधला फरक), म्हणजे तासाला 1,55,520 बीटीयू उष्णता. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू, त्यानं भागलं की 13 टन. मशीनचं टनेज 35 अंश बाहेरच्या तापमानावर लिहिलेलं असतं. 44 ला त्यातलं दहाएक टक्के गळतं. 17 चे उरले 15. माणसं, गरम ताटं, दिवे, छत यांच्यासाठी मग दोनच टन. आणखी साडेआठ टन टाकले असते तर तेही बरेचसे हूडमधूनच गेले असते.

शेठजींना आकडे पटेनात. गर्दी ओसरल्यावर सगळे बर्नर आणि तंदूर आधी बंद करायला लावले (पेटत्या शेगडीवर एक्झॉस्ट कधीही बंद करू नये), मग एक्झॉस्ट बंद केला. मुख्य दार आपोआप धाडकन मिटलं. त्यानंतर कोटेशनचा विषय निघाला नाही.

मग किचनला बाहेरून हवा द्यायची सोयच नव्हती का? होती. गच्चीवर 5000 सीएफएमचा एअर वॉशर (ओल्या कागदी पॅडमधून हवा ओढून गार करणारा मोठा कूलर) उभा होता, पट्टा काढलेला. खानदेशच्या कोरड्या उन्हाळ्यात हे यंत्र सोन्यासारखं चालतं: 44 अंश कोरडं, 23 अंश ओलं (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) तापमान आणि 80 टक्के कार्यक्षमता धरली तर 27 अंशांची हवा मिळते, तीही कॉम्प्रेसरशिवाय. पण त्यात तासाला 60-65 लिटर पाणी उडतं आणि क्षार टाकीतच राहतात. म्हणून त्याच्या निम्मं पाणी ब्लीड-ऑफच्या कॉकनं सोडून द्यावं लागतं. टँकरच्या दिवसांत कुणीतरी तो कॉक बंद केला होता. बोअरचं जड पाणी. पॅडवर चुन्याचा असा थर की कागदाच्या घड्या बुजून गेलेल्या.

पॅड बदलले, टाकी खरवडली, पट्टा चढवला. ब्लीड-ऑफचं पाणी पाइपनं मोरीकडे फरशी धुवायला दिलं, म्हणजे कॉक बंद करायचा मोह होणार नाही. वॉशरचा स्टार्टर एक्झॉस्टशी जोडला, एकाशिवाय दुसरा सुरू होणार नाही असा. 6000 बाहेर, 5000 आत. उरलेले हजार हॉलमधून येऊ दिले, कारण किचन हॉलपेक्षा थोडं तरी ओढतं राहायलाच हवं. तेवढी ताजी हवा मशीनच्या रिटर्नवर फिल्टरमधून घेतली, त्याहून थोडी जास्तच, म्हणजे दारातून उलट गार हवा बाहेर झुळझुळेल. दुसऱ्या दिवशी भर गर्दीत हॉल 25 ला होता.

एक गोष्ट शेवटी बदलली. वॉशरचा पंप आणि पंखा एकाच स्विचवर होते. जुलैत हवा आधीच दमट, त्यात पॅड ओले. किचनमधली मुलं घामाघूम होऊन अख्खं यंत्रच बंद करायची आणि उन्हाळा आला तरी ते बंदच राहायचं. आता पंपाचा स्विच वेगळा आहे, त्यावर पट्टी चिकटवलीय: पावसाळ्यात हा बंद, पंखा चालूच.