डिस्क झोपायची आणि मी फाइलसिस्टिम दुरुस्त करत बसायचो

पहिल्यांदा झालं तेव्हा मी एक फाइल सेव्ह करत होतो. उत्तर आलं, 'रीड-ओन्ली फाइलसिस्टिम'. फाइलसिस्टिम म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची व्यवस्था. लिनक्सवरच्या एक्स्ट-४ या फाइलसिस्टिमला गंभीर चूक दिसली की ती बहुतेक वेळा लिहिणं थांबवते आणि फक्त वाचू देते. नुकसान वाढू नये म्हणून. मी लॅपटॉप रीस्टार्ट केला, सगळं सुरळीत. विसरून गेलो.

तीन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी बूट होतानाच अडकला आणि एफएसके (fsck, फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) हाताने चालवा म्हणाला. लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच लिनक्स सुरू करून, चालवलं (माउंट असलेल्या, म्हणजे वापरासाठी जोडलेल्या डिस्कवर ते कधीही चालवू नका), प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणत गेलो. इथे माझी चूक झाली. आधी बॅकअप घ्यायला हवा होता आणि एफएसके नुसतं 'बघ, हात लावू नकोस' या पर्यायाने चालवायला हवं होतं. काही फाइली लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये (दुरुस्तीत सापडलेल्या बेवारस फाइलींच्या फोल्डरमध्ये) जाऊन पडल्या.

पुढचे दोन आठवडे हेच: बिघाड, एफएसके, चार दिवस शांतता. रोग रेड्याला, औषध पखालीला. स्मार्टचा (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदींचा) अहवाल स्वच्छ, मीडिया एरर शून्य. रात्रभर मेमटेस्ट चालवला, रॅमही निर्दोष. लॉग उघडावा तर बिघाडाच्या क्षणाचं काहीच नाही. मला हे समजायला फार वेळ लागला: लॉग त्याच डिस्कवर लिहिला जातो. जी डिस्क नाहीशी झाली, ती आपण नाहीशी झाल्याची नोंद कुठे करणार?

मग एका टर्मिनलमध्ये डीमेसेज (dmesg, सिस्टिमचे अंतर्गत संदेश दाखवणारी कमांड) सतत चालू ठेवलं आणि वाट बघत बसलो. दरम्यान शेकडो जीबी इकडून तिकडे कॉपी केले, तरी डिस्क ढिम्म. काही न करता चहाला उठलो आणि परत येऊन बघतो तर पडलेली! नवी कमांड दिली की 'इनपुट/आउटपुट एरर', पण आधीपासून उघडी असलेली ती खिडकी मात्र जिवंत होती. मोबाइलने फोटो काढला. त्यात दिसत होतं: एनव्हीएमई कंट्रोलर (माझ्या एनव्हीएमई प्रकारच्या एसएसडी डिस्कमधली नियंत्रक चिप) 'डाउन' आहे आणि तिची स्थिती सांगणाऱ्या स्टेटस रजिस्टरमध्ये सगळे एफ. डिस्क ज्या मार्गाने लॅपटॉपला जोडलेली असते त्या पीसीआय-ई बसवर समोरून उत्तरच आलं नाही की वाचताना सगळे बिट एक दिसतात. म्हणजे डेटा खराब नव्हता, डिस्कच उत्तर देत नव्हती. रीस्टार्ट केल्यावर बायोसलाही ती दिसेना. पूर्ण बंद करून चालू केल्यावरच दिसली.

काम करताना ठणठणीत आणि रिकामी बसली की बेशुद्ध, म्हटल्यावर संशय वीजबचतीवर. एनव्हीएमई डिस्क रिकामी असताना आपणहून खोल झोपेच्या अवस्थेत जाते. या सोयीला एपीएसटी म्हणतात. लिनक्समध्ये ती ४.११ या कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा), म्हणजे २०१७ पासून आहे. काही डिस्क त्या झोपेतून नीट उठत नाहीत. कर्नलला एक मर्यादा सांगता येते: जागं व्हायला इतक्या मायक्रोसेकंदांहून जास्त लागतील अशा अवस्थेत डिस्कला पाठवू नको. ती शून्य केली की एपीएसटी बंद. ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये) ही मर्यादा सांगणारी एक ओळ घातली, लॅपटॉप मुद्दाम रात्रभर रिकामा ठेवला. सकाळी डिस्क जागेवर!

शून्यावर बॅटरी लवकर उतरत होती. म्हणून नंतर डिस्कच्या अवस्थांचा तक्ता काढून फक्त सर्वांत खोल अवस्था वगळली जाईल एवढीच मर्यादा ठेवली. डिस्कचं फर्मवेअरही (तिच्या आतलं सॉफ्टवेअर) नवं केलं. खरं तर एका वेळी एकच बदल करायला हवा होता, पण एव्हाना धीर संपला होता.

त्याला चार महिने झाले. लॉस्ट-अँड-फाउंडमध्ये अकरा फाइली पडून आहेत, नावाच्या जागी नुसते आयनोडचे (फाइलसिस्टिममधल्या फाइलच्या नोंदीचे) आकडे. दोन फोटो निघाले. बाकीच्या उघडून बघायच्या आहेत.