शत्रूच्या तोंडून आरती

युद्ध जिंकल्यावर नाटक काढायचं तर ते कुठे घडवाल? कुणीही सांगेल, आपल्याच घरी. गुलाल, तुताऱ्या, जयजयकार. अथेन्सच्या एस्किलस या ग्रीक नाटककाराने मात्र इ.स.पूर्व ४७२ मध्ये ‘पर्शियन्स’ हे नाटक नेऊन ठेवलं थेट हरलेल्यांच्या राजवाड्यात, पर्शियाच्या राजधानीत, सूसाला. सालामिसच्या समुद्रात ग्रीकांच्या हातून पर्शियन आरमाराची धूळधाण उडाली, त्याला तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. त्याच स्वारीत पर्शियनांनी अक्रोपोलिस या अथेन्सच्या टेकडीवरची देवळं जाळली होती, आणि त्याच टेकडीच्या उतारावर बसून लोक हे नाटक बघत होते. त्यांच्यातल्या अनेकांनी सालामिसला स्वतः वल्ही मारलेली. खुद्द नाटककार त्याआधी मॅरेथॉनला पर्शियनांशी लढलेला. तिथे त्याचा भाऊ कामी आला होता.

रंगभूमीवर लढाई नाहीच. आहेत ते म्हातारे दरबारी, काळजीने पोखरलेली राजमाता आणि वाईट बातमी घेऊन आलेला जासूद. तो एकेका सरदाराचं नाव घेऊन कोण कसा मेला ते सांगत सुटतो. पानिपतानंतर नानासाहेबांना गेलेल्या निरोपात मोत्यं गळाली, मोहरा हरवल्या अशी आडपडद्याची भाषा होती. हा गडी काहीच झाकत नाही. पाण्यात पडलेल्यांना ग्रीकांनी मोडक्या वल्ह्यांनी, फळकुटांनी जाळ्यातले मासे ठेचावेत तसं ठेचलं, हेही सांगून टाकतो. आणि नाटकभर एकाही ग्रीक वीराचं नाव नाही!

शत्रूचं दुःख मांडणारा केवढा हा मोठ्या मनाचा माणूस, असं म्हणायचा मोह होतो. मला ते अर्धंच पटतं. राजमाता विचारते, या लोकांचा धनी कोण? उत्तर येतं, ते कुणाचे गुलाम म्हणवून घेत नाहीत. हेच एखाद्या ग्रीक सेनापतीने छाती फुगवून म्हटलं असतं तर फुशारकी वाटली असती. इथे ते शत्रूकडचा माणूस म्हणतोय, तेही हरल्याची बातमी पोचायच्या आधीच. आपली आरती ओवाळून घ्यायची तर अशी! (अथेन्सच्या घराघरांत राबणारे गुलाम या हिशेबात धरायचे नसतात.)

पण खरी हातचलाखी पुढे आहे. थडग्यातून आधीचा पर्शियन राजा डरायस याचं भूत येतं आणि समुद्रावर पूल बांधून ग्रीसवर चालून गेलेल्या आपल्या पोराला, राजा झर्क्सिसला, उद्धट ठरवतं. बाप शहाणा, मुलगा दिवटा. वास्तविक मॅरेथॉनवर फौज धाडली ती याच डरायसने, आणि सिथियन टोळ्यांवर चालून जाताना बॉस्फरसच्या सामुद्रधुनीवर पूल बांधला तोही त्यानेच. ज्याच्या भावाचा जीव डरायसच्या फौजेने घेतला, त्यानेच डरायसच्या तोंडी शहाणपण घातलं. गोष्ट नीट बसावी म्हणून एक माणूस साफ धुऊन घेतला. प्रेक्षकांतल्या जुन्या लढवय्यांना हे कळत नसेल? कळत असणार. पण गोष्ट आवडली की माणूस तपशिलावरून भांडत नाही.

याच्या काही वर्षं आधी फ्रिनिकस या दुसऱ्या नाटककाराने, पर्शियनांनी केलेल्या मिलेटसच्या पाडावावर नाटक केलं होतं. मिलेटस म्हणजे अथेन्सच्या भाऊबंदांचं शहर. सगळं थिएटर रडलं. मग घरचं दुःख उगाळल्याबद्दल नाटककाराला १००० द्राख्मा दंड झाला आणि ते नाटक पुन्हा करायला बंदी आली. एस्किलसच्या कोरसचा, म्हणजे नाटकातल्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या ताफ्याचा, खर्च पुढे अथेन्सचा पुढारी झालेल्या तरुण पेरिक्लीसने उचलला आणि बक्षीस मिळालं, पहिलं.