जी. एस.चे पद आणि मुक्कामी गाडी

2003 साली साताऱ्यातील एका महाविद्यालयात मी विद्यार्थी मंडळाचा सचिव, म्हणजे मुलांच्या भाषेत जी. एस., झालो. तेव्हा 1994 चा विद्यापीठ कायदा लागू असल्याने थेट निवडणुका बंद होत्या. प्रत्येक वर्गातून गुणवत्तेनुसार एक विद्यार्थी, क्रीडा, सांस्कृतिक विभाग, राष्ट्रीय सेवा योजना आणि एन. सी. सी. यांतून एकेक, शिवाय दोन विद्यार्थिनी, असे सदस्य प्राचार्य नेमत आणि त्या सदस्यांनी आपल्यातून सचिव निवडायचा असे. मित्रांनी गुलाल उधळला खरा, पण महाविद्यालयातील बहुसंख्य मुलामुलींनी मला मत दिलेलेच नव्हते, ही जाणीव मला वर्षभर राहिली.

मंडळातील विद्यार्थिनी प्रतिनिधींकडे पाहुण्यांचे स्वागत आणि रांगोळी एवढेच काम सोपवण्याची प्रथा होती आणि मीही ती निमूटपणे चालू ठेवली. स्नेहसंमेलनाच्या तयारीच्या सभेत त्यांपैकी एकीने विचारले, की कार्यक्रम रात्री नऊपर्यंत चालणार असेल तर मेढा, कोरेगाव भागातील मुलींनी घरी कसे जायचे? तिच्या गावाची मुक्कामी गाडी सातला स्टँडवरून सुटत असे आणि ती चुकली की सकाळपर्यंत दुसरी गाडी नव्हती. आदल्या वर्षी कितीतरी मुली बक्षीस घ्यायलासुद्धा थांबू शकल्या नव्हत्या, हे आम्हा शहरातल्या मुलांना ठाऊकच नव्हते. तिने वर्गावर्गांत फिरून गावे आणि गाड्यांच्या वेळा लिहून आणल्या होत्या. प्राचार्यांनी तो कागद शांतपणे वाचला आणि कार्यक्रम सकाळी दहाला सुरू करून साडेपाचला संपवण्याचे ठरले.

आता 2016 च्या कायद्यात अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गांचा प्रतिनिधी ही पदे सर्व विद्यार्थ्यांच्या थेट मतदानाने भरण्याची तरतूद आहे. मला ती मनापासून योग्य वाटते, कारण मते मागण्यासाठी तरी उमेदवाराला प्रत्येक वर्गात जावे लागेल आणि गाड्यांच्या वेळा त्याच्या कानावर पडतील. उमेदवारासाठी किमान 75 टक्के उपस्थितीची आणि 5000 रुपयांच्या खर्चमर्यादेची शिफारस विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीने 2006 मध्ये केली होती. खर्चाची मर्यादा अत्यावश्यक आहे. उपस्थितीच्या अटीबाबत मात्र, पहाटे धारा काढून दोन गाड्या बदलत येणाऱ्या मुलांचा विचार व्हायला हवा. कर्मवीरांच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत कष्ट करून शिकलेल्यांच्या या जिल्ह्यात तरी तो सहज सुचावा.

सभेचे इतिवृत्त लिहिणे हे सचिवाचे मुख्य काम, आणि त्यातच माझ्याकडून चूक झाली. ‘कार्यक्रमाची वेळ बदलण्याचे सर्वानुमते ठरले,’ एवढेच मी लिहिले. पुढच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय आला तेव्हा गाड्यांच्या वेळा आणणारी ती विद्यार्थिनी उभी राहिली आणि, सूचना कोणी मांडली व कोणत्या कारणासाठी मांडली, हे नोंदवावे, असे तिने अगदी सौम्य आवाजात सांगितले. सभागृहात कोणी काही बोलले नाही. मी तिथेच दुरुस्ती लिहिली: सूचक म्हणून तिचे नाव आणि त्याखाली तिच्या कागदावरील गावे, एकेक करून सगळी.