आधी चाटी गल्ली की आधी नवी पेठ

ताईच्या लग्नात आमच्या घरी सगळ्यात मोठं टेन्शन पत्रिकेचं होतं. पहिली सिद्धेश्वराला ठेवली, त्यात काही वाद नाही, पण त्यानंतरची कुणाला? सोलापुरात अक्कलकोट रोडला आमचे आठ माग होते, टॉवेलचे, आणि माल जायचा दोनच ठिकाणी, एक चाटी गल्लीतले शेठ आणि एक नव्या पेठेतले शेठ, आणि ह्या दोघांचं आपसात एवढं वाकडं की एकाच्या गादीवर बसून दुसऱ्याचं नाव काढलं तर आलेला चहासुद्धा परत जायचा. काका म्हणला एकाकडं तू जा, एकाकडं मी जातो, एकाच टायमाला. अण्णा म्हणले, येडा हायेस का, मग मी कुणाकडं गेलो ह्यावरनं वर्षभर ऐकून घ्यावं लागंल.

शेवटी अण्णा सकाळी नऊला एकटेच चाटी गल्लीत गेले, आणि संध्याकाळी नव्या पेठेत जाताना आईला नवीन साडी नेसायला लावून बरोबर घेऊन गेले. म्हणजे चाटी गल्लीला पहिला नंबर मिळाला आणि नव्या पेठेला जोडीनं आमंत्रण मिळालं. दोघंही लग्नाला आले, दोघांनाही वाटत होतं आपलाच मान मोठा. पंगतीला मात्र एकाला अक्षता पडल्या पडल्या बसवलं आणि दुसऱ्याला मुद्दाम फोटोला अडकवून ठेवलं, ते काम माझ्याकडं होतं, घाम फुटलेला मला.

हे सगळं आठवायचं कारण व्हिएतनाम. 2023 च्या सप्टेंबरात बायडन हनोईला गेले आणि व्हिएतनामनं अमेरिकेला संबंधांच्या यादीत मधली एक पायरी सोडून थेट सगळ्यात वरच्या पायरीवर नेलं, जिथं चीन आणि रशिया आधीपासून होते. आता चीन गप्प बसणार का? डिसेंबरात शी जिनपिंग आले, त्यांना पायरी काय देणार, ती तर आधीच दिलेली, मग त्यांच्या आवडीचे शब्द संयुक्त निवेदनात घातले, 'सामायिक भवितव्य' वगैरे. आणि 2024 च्या जूनमध्ये पुतिनपण येऊन जेवून गेले. दहा महिन्यांत तिघं! मी ही बातमी वाचली आणि पहिल्यांदा काय डोक्यात आलं असेल तर आईची ती मोरपंखी साडी.

तिथं ह्याला बांबू डिप्लोमसी म्हणतात, मुळं घट्ट, खोड मजबूत, फांद्या लवचिक. म्हणायला छान आहे पण त्यामागं हिशोब कडक आहे. अमेरिकेशी 1973 पर्यंत लढले, चीनशी 1979 मध्ये लढले, आणि आज त्यांचा सगळ्यात जास्त माल विकत घेणारा देश अमेरिका आणि एकूण व्यापारात पहिला चीन. लष्करी युती कुणाशीच नाही आणि परदेशी तळाला जागा नाही, हे त्यांनी लिहूनच ठेवलंय.

आपल्याकडं टीव्हीवर अशा देशांबद्दल बोलताना एकच शब्द असतो, तारेवरची कसरत. मला तो शब्द पटत नाही. सर्कशीतला माणूस तारेवरनं उतरल्यावर घरी जाऊन जेवतो, ह्या देशांना उतरायची सोयच नाही, आणि मुख्य म्हणजे ह्यात फुकट काही नसतं. प्रत्येकानं काहीतरी देऊन टाकलेलं असतं, फक्त ते बातमीत दिसत नाही.

मालदीवचं बघा. 2024 च्या जानेवारीत मोदींच्या लक्षद्वीप दौऱ्यावरनं मालदीवच्या उपमंत्र्यांनी टोमणे मारले आणि तो वाद झाला तेव्हा आमच्या गल्लीतल्या एकानं हनिमूनचं बुकिंग कॅन्सल केलं आणि महाबळेश्वरला गेला, तिथनं रोज स्टेटस टाकायचा देशभक्तीचे, बायको कुठंच दिसत नव्हती फोटोत. असो. मालदीवची लोकसंख्या पाच लाखाच्या आसपास. सोलापूर शहर 2011 च्या जनगणनेतच साडेनऊ लाख होतं. म्हणजे आपल्या निम्म्या सोलापूरला एका बाजूनं भारत आणि एका बाजूनं चीन ओढतोय असं समजा. तिथले राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू 'इंडिया आऊट' म्हणत निवडून आले, पहिल्या दौऱ्याला तुर्कीला गेले, मग चीनला, भारतीय सैनिकांना 10 मे 2024 ही तारीख दिली. सैनिक गेले. पण आपण दिलेली हेलिकॉप्टरं आणि डॉर्निअर विमान तिथंच राहिलं आणि ती चालवायला भारतातनंच गणवेश नसलेली माणसं गेली! घोषणा पूर्ण, आणि पेशंटला बेटावरनं उचलून आणणारं हेलिकॉप्टरही चालू. त्याच ऑक्टोबरात मुइझ्झू दिल्लीत, 40 कोटी डॉलर आणि वर 3000 कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय घेऊन परत गेले, आणि 2025 च्या जुलैमध्ये त्यांच्या स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्षाला प्रमुख पाहुणे कोण, तर मोदी. इकडं लोक हसत होते की कसा वठणीवर आला. मला तसं वाटत नाही, त्या माणसानं दोन्हीकडनं घेतलं की हो. त्यानं खर्च केली ती स्वतःची घोषणा.

भूतान अजून वेगळं. तेपण लोकसंख्येनं सोलापूरपेक्षा लहानच. त्यांनी काय दिलं? ओळखी दिल्या. चीन शेजारी असून त्याच्याशी राजनैतिक संबंध नाहीत, आणि नुसता चीन नाही, अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, सुरक्षा परिषदेतल्या पाच कायमच्या सदस्यांपैकी एकाचीही वकिलात राजधानी थिंफूत नाही. मोठ्यांच्या भांडणात पडायचं नाही म्हणून मोठ्यांना घरातच घ्यायचं नाही, एक भारत सोडून. 1949 च्या करारात परराष्ट्र धोरणात भारताचा सल्ला मानायचं कलम होतं, ते 2007 ला काढलं, म्हणजे त्यासाठी 58 वर्षं थांबले. आणि एवढं करून 2017 ला डोकलाममध्ये भारत आणि चीन दोघांचं सैन्य 73 दिवस समोरासमोर उभं राहिलंच, त्यांच्याच दारात.

सयाम म्हणजे आत्ताच्या थायलंडनं तर जमीनच दिली. एका बाजूला ब्रह्मदेशात इंग्रज, दुसऱ्या बाजूला फ्रेंच. 1893 मध्ये मेकाँगच्या पलीकडचा लाओस फ्रेंचांना, 1907 मध्ये अंगकोरकडचा भाग फ्रेंचांनाच, 1909 मध्ये केदाह, केलांतन वगैरे इंग्रजांना. आणि आपण शाळेत एका ओळीत शिकतो की थायलंड कधीच गुलाम नव्हता. पण त्यांचा मला आवडणारा किस्सा पुढचा आहे. जपानी सैन्य देशात घुसल्यावर 1942 च्या जानेवारीत बँकॉकनं अमेरिकेवर युद्ध पुकारलं, आणि वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या राजदूतानं, सेनी प्रमोजनं, तो कागद तिकडं दिलाच नाही. अमेरिकेनंपण उलट युद्ध पुकारलं नाही. युद्ध संपल्यावर 1945 मध्ये तोच राजदूत पंतप्रधान. चेक फाडून टाकल्यासारखं आहे हे!

फिनलंडचं मला लवकर उरकता येत नाही कारण ते जवळचं वाटतं. रशियाशी दोन युद्धं, करेलिया गेला, चार लाखांवर माणसं घर सोडून आली. 1948 ला सोव्हिएतशी करार केला, युद्धानंतर युरोप उभा करायला अमेरिका देत होती ते मार्शल योजनेचे पैसे नको म्हणले, म्हणजे घरात नाही दाणा आणि पैसे नको म्हणायचं. केक्कोनेन नावाचे अध्यक्ष पंचवीस वर्षं होते, 1960 मध्ये त्यांच्या साठीला सोव्हिएतचे ख्रुश्चेव्ह आले तर त्यांना रात्री सौनात, म्हणजे तिकडच्या वाफेच्या न्हाणीघरात, घाम काढत बसवलं, आणि त्यानंतर युरोपातल्या व्यापारी संघाशी जोडून घ्यायला मॉस्कोची हरकत राहिली नाही, 1961 ला करार झाला. पण किंमत काय, तर पेपरवाले स्वतःच रशियाविरुद्ध लिहायचं टाळायचे. पश्चिमेत 'फिनलंडीकरण' ही शिवी झाली. ती शिवी खात त्यांनी सक्तीची लष्करसेवा चालू ठेवली, हेलसिंकीच्या खडकात जमिनीखाली आसरे खोदले, आणि 4 एप्रिल 2023 ला नाटोत गेले.

आमच्या अण्णांची किंमत होती उचल. बाकीचे कारखानदार शेठकडनं सीझनच्या आधी उचल घ्यायचे, सूत घ्यायला, पगाराला, आणि एकदा उचल घेतली की माल त्याच गादीवर, रेट तो म्हणेल तो. अण्णांनी दोघांकडनंही कधी एक रुपया घेतला नाही. त्यामुळं झालं काय की आम्ही कुणाचेच नव्हतो. मंदीत पेमेंट आधी आपल्या माणसाला, आम्हाला दोन्हीकडनं 'पुढच्या सोमवारी बघू'. एका दिवाळीला आठातले दोन माग विकले, टेम्पोत चढवताना आई दारातनं बघत होती, आणि अण्णा टेम्पोवाल्याला नीट दोरी बांध म्हणून ओरडत होते, जसं काय माग परत येणार आहेत. मी तेव्हा कॉलेजला, मला वाटायचं हा सगळा हट्टीपणा आहे, घ्यावी की उचल.

जाता जाता, आपला भुईकोट किल्ला. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा म्हणायचा माझ्या बायकोबरोबर सोलापूर द्यायचं ठरलं होतं, विजापूरवाले म्हणायचे असं काही ठरलंच नव्हतं, त्यावरनं किती वर्षं लढाया. पुढं चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा सोलापूर उलटं हुंड्यात विजापूरला गेलं. सोलापूरला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

नवी पेठवाल्या शेठनी दुकान बंद करून मुलाकडं पुण्याला जायचं ठरवलं तेव्हा अण्णांना खरं टेन्शन आलेलं मी बघितलं. आणि बरोबरच होतं, पुढच्याच आठवड्यात चाटी गल्लीनं डझनामागं रेट पाडला. हसत हसत पाडला, चहा पाजून.

आता कारखाना धाकटा भाऊ बघतो. परवा पेढे घेऊन आला, एका मोठ्या ऑनलाइनवाल्याची वर्षभराची ऑर्डर, सगळाच्या सगळा माल तेच घेणार, ॲडव्हान्सपण देणार. अण्णांनी पेढा खाल्ला, हात पुसला आणि विचारलं, 'दुसरा कोण?' भाऊ म्हणला दुसऱ्याची गरजच नाही ओ अण्णा. मग थोड्या वेळानं म्हणला, बघतो.

अजून बघतोयच.